डाव्या हाताची हजेरी

आमच्या टायपिंगच्या बाई हजेरी कानांनी घ्यायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान खाली, हातात पेन. एकेक नाव पुकारायचं आणि थांबायचं. ज्याचं नाव, त्यानं तोंडानं 'हजर' म्हणायचं नाही, मशीनवर उमटवायचं. दोन ठोके डाव्या हाताचे, ह आणि ज. एक उजव्या हाताचा, र. मराठी मशीनवर ही अक्षरं दोन्ही हातांच्या तर्जनीच्या आवाक्यातली, त्यामुळे कालच नाव घातलेल्या पोरालाही ती जमायची. ठोके कानावर पडले की बाई टिंब द्यायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. ठोका भलत्याच बोटाचा पडला तर मान न उचलता म्हणायच्या, "हे काई हजर नाई झालं. पुन्हा ये." मग आपण पुन्हा यायचं, म्हणजे जागच्या जागी बसून ठोके नव्यानं द्यायचे.

एकदा आमच्यातल्या एकीनं शेजारणीला सांगून ठेवलं, माझं नाव आलं की तू वाजव, मी स्टेशनवर मावशीला गाडीत बसवून येते. नाव आलं, ठोके पडले. बाईंचं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं. "हे तिचं बोट नाई. तिचा र घाईत पडते. कुठी हाय ते?" बाई रागावल्या नाहीत. उठून त्या रिकाम्या मशीनसमोर जाऊन बसल्या आणि ती मुलगी परत येईपर्यंत सगळा वर्ग तसाच ताटकळत ठेवला. ती धापा टाकत दारात आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. बाई एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातानं हजर राहता येत नाई, पोरी." हे वाक्य मला पुढं फार वर्षांनी आठवायचं होतं, पण तेव्हा आम्ही त्याची मधल्या सुटीत नक्कल करून पोट धरधरून हसलो.

बाईंची इन्स्टिट्यूट नांदुऱ्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सरकी-ढेपेच्या दुकानाला लागून. इन्स्टिट्यूट हा शब्द पाटीपुरता. आत एक लांबट खोली, भिंतीकडे तोंड करून मांडलेली मशीनं आणि पडद्यामागं बाईंचं घर. गाडी धडधडत गेली की खिडक्यांच्या काचा वाजायच्या. नवी मुलं तेवढ्यात थांबायची, आणि बाई ओरडायच्या, "गाडी तिच्या रुळावर हाय, तू तुह्या रुळावर राह्य." सडसडीत, सावळ्या, फिक्या रंगाच्या सुती साडीतल्या बाई. माहेर साखरखेर्ड्याचं. लग्न झालं होतं म्हणे, टिकलं नव्हतं. एकटीनं परक्या गावात येऊन मशीनं मांडलेल्या बाईला असलं काही विचारायची आमची काय टाप होती!

बोटांकडे बघायला सक्त मनाई. कोणी डोळे खाली वळवताना दिसलं की बाई खांद्यावरचा नॅपकिन काढायच्या आणि त्याच्या दोन्ही हातांवर पसरायच्या. मग नॅपकिनखाली बोटं चालवायची. वरून फक्त कापड हललेलं दिसायचं, पण बाईंना त्या हलण्यावरूनही कळायचं कोणतं बोट कुठं गेलं. "डोये कागदावर. बोटाईले त्याईचं काम करू द्या, मधात लुडबूड करू नका." मनगट मशीनवर टेकलेलं तर त्यांना बिलकुल खपायचं नाही. "मनगट टेकवलं काऊन? झोपाले आली का?" मला या नॅपकिनचा इतका राग यायचा की घरी येऊन मी मामीचे नॅपकिन धुताना उगाच आपटायची.

घर म्हणजे मामाचं. आमचं गाव दुसरबीड. बारावीनंतर मला मामाकडे ठेवलेलं. मामा वाईट नव्हता, पण त्याच्या घरातून मला फक्त टायपिंगच्या तासापुरतं सुटता यायचं, आणि तेही रस्त्यात कुठं न थांबता. दिवसाच्या बाकीच्या वेळात मी, मामीची भांडी आणि मागच्या न्हाणीची भिंत. त्या लांबट खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलं तरी मला मोकळं वाटायचं, यावरून काय ते समजा. परीक्षेला थोडे दिवस उरले असताना मामानं तेही बंद केलं, स्थळ आलंय म्हणून. तिसऱ्या दिवशी बाई आमच्या अंगणात येऊन उभ्या.

"इले काऊन बंद केलं?" त्यांनी मामाला विचारलं.

"पाहुणे येऊन राह्यले, बाई. आता काय टायपिंग करते ते? पुढं सैपाकच कराचा हाय."

"मंग पाहुण्याईचा सैपाक तुमी करा. इची परीक्षा होऊ द्या." आणि बाई ओसरीवर बसल्या. चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. काही बोलल्याही नाहीत. नुसत्या मांडीवर बोटं चालवत बसल्या, जणू तिथंही काही टाइप करायचं राहून गेलं होतं. मामा आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. शेवटी म्हणाला, "हाव बाई, होऊ द्या परीक्षा, पण आता उठा." त्या परीक्षेवर मी पुढं बुलढाण्याला सरकारी कचेरीत लागले. मी आज जी कोणी आहे ती त्या ओसरीवरच्या बसण्यामुळं आहे, आणि हे सांगताना मला जरासुद्धा संकोच वाटत नाही.

जुनी मशीनं जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा इतर टायपिंगवाल्यांनी दुकानं आवरली. बाई मात्र शिकल्या, आणि शिकल्या म्हणजे मुळापासून शिकल्या. पण मुलं त्यांच्या पुढं. सरावाला बाईंचा स्वतःचा लॅपटॉपही असायचा; त्याचं बटण दाबल्यावर क्षणभर कंपनीचं नाव चमकतं. तेवढ्यात वरच्या ओळीतलं एफ-टू दाबलं की मशीनच्या मूळ सेटिंगचं निळं पान उघडतं. बायोस म्हणतात त्याला. मुलं तिथं शिरून मशीनचं घड्याळ मागं करायची म्हणजे सरावाची वेळ संपायची नाही, नाहीतर पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून गेम खेळत बसायची. बाईंना हे कळलं त्या दिवशी त्यांनी त्या पानालाच पासवर्ड घातला. पुढं मी सुटीत भेटायला गेले तेव्हा मुलं माझ्यामागं लागली, ताई, तुम्ही तरी बाईंना विचारा ना.

मी विचारलं. बाई हसल्या. त्या क्वचित हसायच्या, आणि हसल्या की पदर तोंडाशी न्यायच्या. "मले काय इचारते? मले ठाऊक नाई. बोटाईले ठाऊक हाय."

"बाई, कुठं तरी लिहून ठेवा. उद्या विसरलात तर?"

"डोक्यातलं इसरते माणूस. बोटातलं नाई इसरत. तू तुह्या बोटाईले इचारून पाह्य, काय इसरले ते!"

खरंच आहे ते. कचेरीत मला साहेबांचं नाव आठवत नाही, पण बोटं पत्राचा मायना माझ्याआधी पुरा करतात.

मग एका उन्हाळ्यात बाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू पार गेली, वाचाही गेली. नांदुऱ्यात त्यांचं कोणी नव्हतं. धाकटा भाऊ, आम्ही त्यांना भाऊच म्हणायचो, येऊन बाईंना साखरखेर्ड्याला घेऊन गेला. इन्स्टिट्यूटची पाटी उतरली, मशीनं कोणी कोणी नेली, सामानाबरोबर बाईंचा तो लॅपटॉप तेवढा गेला. मी बातमी कळल्यावर पहिल्या रविवारी गेले.

भाऊंचं घर गावाच्या कडेला, पुढं ओसरी, मागं शेतीचं सामान ठेवायची खोली. त्या खोलीत बाईंचा पलंग होता. बाहेरून कडी. मी कडीकडे बघतेय हे भाऊंच्या लक्षात आलं.

"काय करता मॅडम? एकदा आमी वावरात गेलो अन् ही सरकत सरकत दारात आली, पायरीवरून खाली पडली. कपाळ फुटलं. रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात दिवसभर. लावावी लागते कडी."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, बाईंना न्हाऊमाखू घालत होत्या, भरवत होत्या, कूस बदलून देत होत्या. बाईंच्या अंगावर एक जखम नव्हती. हे सगळं करून त्या थकलेल्या होत्या. पण बाईंच्या उशाशी उभ्या राहून त्या माझ्याशी बोलत होत्या ते असं, की पलंगावर कोणी नाहीच.

"काई समजत नाई त्याईले. डॉक्टर म्हणे सांगता येत नाई, समजत असन नाई तं नसन. मी म्हणते आता लवकर सुटावं बिचारीनं. तिचेही हाल, आमचेही."

मी बाईंसमोर बसले. "बाई, मी आले." डोळे माझ्यावरून गेले आणि छतावर स्थिरावले. मला ओळखलं म्हणावं असं त्यात काही नव्हतं, नाही ओळखलं म्हणावं असंही नव्हतं. खोलीला एक छोटी खिडकी, तिच्यापुढं फवारणीचा पंप आणि पोत्यांची थप्पी. उजेडसुद्धा आत यायला कचरत होता. चादर गळ्यापर्यंत ओढलेली, आणि तिच्याखाली डावीकडं काहीतरी हलत होतं. थोडं हलायचं, थांबायचं, पुन्हा हलायचं.

"हात थरथरते," वहिनी म्हणाल्या. "दिवसभर चालू राह्यते. मी धरून ठेवते, सोडला का पुन्हा चालू."

मी परत निघाले तेव्हा भाऊंनी माझ्या मागं कडी लावली. तो आवाज मी एसटीत बसल्यावरही ऐकत होते. बाई आत आहेत की नाहीत, एवढा एकच प्रश्न होता. नसतील तर त्या खोलीत काही वावगं नव्हतं. असतील तर त्या सगळं ऐकत होत्या, आणि कडीच्या आत होत्या.

त्यानंतर मी जात राहिले, बोलत राहिले, आणि दर वेळी तसंच छत बघणाऱ्या डोळ्यांसमोरून उठून आले. मग दिवाळीनंतर भाऊंचा फोन आला, पण बाईंबद्दल नाही, लॅपटॉपबद्दल. शेतीचे अर्ज आता सगळे ऑनलाइन भरायचे, दर वेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, म्हणून त्यांनी तो बाहेर काढला होता. मशीन चालू होई, पण काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नाही असं इंग्रजीत येऊन थांबून जाई. मेहकरच्या दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं. डिस्क चांगली होती. आतला छोटा सेल संपला होता, मुख्य बॅटरीही बाद, त्यामुळे पडून पडून मशीन स्वतःची सेटिंग विसरलं होतं. निळ्या पानावर जाऊन ती पुन्हा लावली की काम झालं. पण त्या पानाला पासवर्ड, आणि तो वेगळ्या चिपवर असल्यानं सेलाबरोबर गेलेला नव्हता. "तो म्हणते आतलं बोर्डच बदलावं लागन," भाऊ म्हणाले. "तुमी ताईच्या जवळच्या. तुमाले ठाऊक असन."

मला ठाऊक नव्हतं, तरी गेले. रविवारची दुपार. ओसरीवर लॅपटॉप मांडून आम्ही बसलो. बटण दाबायचं, कंपनीचं नाव चमकलं की एफ-टू. जरा उशीर झाला की पुन्हा तो काळा पडदा आणि पुन्हा पहिल्यापासून. पान यायचं, पासवर्ड मागायचं. बाईंचं नाव घातलं, गावाचं घातलं, इन्स्टिट्यूटचं घातलं. तीनदा चुकलं की मशीन जागीच गोठायचं. कोणतंही बटण दाबा, ढिम्म. मग बंद करून परत सुरुवात. दुरुस्तीवाल्यानंही हेच केलं होतं. मला वाटायला लागलं की आम्ही सगळेच कुठल्या तरी बंद दाराबाहेर बसलोय आणि आतला माणूस उत्तर देत नाही. आणि मग मला एकदम बाईंचं हसणं आठवलं, पदर तोंडाशी नेऊन हसलेलं. मले काय इचारते, बोटाईले ठाऊक हाय.

"आपण बाईंना विचारू," मी म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "त्याईले काय इचारता, माय? त्या सोताचं नाव नाई सांगत."

तरी मी लॅपटॉप उचलला. भाऊंनी कडी काढली, वायर लांब करून दिली. बाईंना उशांना टेकवून बसवलं, मांडीवर पाट ठेवला, पाटावर मशीन. बटण दाबलं, एफ-टू दाबलं, पान आलं. मी बाईंचा डावा हात कीबोर्डवर ठेवला. हात गार होता. काही वेळ तो नुसता पडून राहिला. मग मनगट उचललं गेलं.

मनगट उचललं गेलं, हे मी आजही कोणाला सांगायला लागले की दोनदा सांगते. थरथरणारा हात मनगट उचलत नाही.

तर्जनी थोडी सरकली. टक. वर गेली. टक. चौकटीत अक्षरं झाकणाऱ्या दोन चांदण्या उमटल्या. आणि हात थांबला. आम्ही वाट पाहिली. पुढं काही नाही. मीच एंटर दाबलं, चूक. पुन्हा तेच, टक, टक, आणि थांबणं. चूक. तिसऱ्यांदा तेच. मशीन गोठलं.

"पाह्यलं?" वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "उगाच बोट हालते ते."

मी मशीन बंद करून चालू केलं. एफ-टू एकदा हुकलं. पान आलं तेव्हा मी चांदण्यांकडे बघायचं सोडून दिलं आणि डोळे मिटले. टक, टक. मग ते थांबणं. त्या थांबण्यात मला एक बारीकसा आवाज ऐकू आला, चादरीचा. डोळे उघडून पाहिलं तर बाईंचा उजवा खांदा हलला होता, कणभर. खालचा हात मेल्यासारखा पडलेला. तो हात त्याचा ठोका द्यायला निघाला होता आणि पोचत नव्हता.

आणि मला कळलं. चादरीखाली जे दिवसभर हलत होतं ते कळलं, वहिनी जे धरून ठेवत होत्या ते कळलं. ह, ज, आणि थांबणं. ह, ज, आणि थांबणं. इतके महिने, त्या पोत्यांच्या खोलीत, बाहेरून कडी असताना, बाई हजेरी देत होत्या. कोणी कानांनी घेणारं नव्हतं एवढंच.

मी माझी उजवी तर्जनी पुढं केली आणि र दिला. आम्ही सगळे इंग्रजीत डोकं लढवत होतो. बायोसला इंग्रजीच कळतं, पण बाईंच्या बोटांनी त्याला मराठी मशीनच्या जागांवरचे ठोके दिले होते. पडद्यावर ते काय दिसतं याच्याशी बोटांना काय देणंघेणं? एंटर दाबलं आणि निळं पान उघडलं. दुसऱ्याच्या हातानं हजर राहता येत नाही, हे बाईंचं वाक्य मी त्यांच्याच समोर खोटं पाडलं. बाईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी येऊन कानापर्यंत गेलं. या वेळी त्या छताकडे बघत नव्हत्या.

मी सेटिंग लावली, फार मागच्या सालात जाऊन बसलेलं घड्याळ पुढं आणलं, मशीन सुरू झालं. पण मशीनकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे... ताई ऐकते?" भाऊंनी विचारलं.

बाईंनी पाटावर बोट एकदा टेकवलं.

वहिनी पलंगापाशी खाली बसल्या. पदराचा बोळा तोंडात धरून म्हणाल्या, "मी काय काय बोलली इच्यासमोर. माय माय, मी काय काय बोलली!" बाईंचा डावा हात पाटावरून घसरत घसरत वहिनींच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथंच पडून राहिला. भाऊ बाहेर निघून गेले. थोड्या वेळानं दारात खडखड ऐकू आली. पाहिलं तर ते पेचकस घेऊन कडीचे स्क्रू काढत होते. चांगली जड कडी होती; काढली आणि कुठं ठेवावी ते न सुचून हातात धरून तसेच उभे राहिले.

त्याच संध्याकाळी पलंग ओसरीवर आला. ओसरीच्या कडेला भाऊंनी आडवा बांबू बांधला, पडायची भीती नको म्हणून. शब्द बाईंना परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले शब्दांची जागा गेली, सवयीची राहिली. लिहायला दिलं तर जमायचं नाही. पण हो म्हणायला एक टिचकी होती, नाही म्हणायला हात मागं घेणं होतं, आणि एवढ्यावर एका माणसाचं बरंच चालतं. नको असलेली खिचडी बाई आता परतवू शकत होत्या. वहिनी फोनवर तक्रार करायच्या, "काल तीनदा परत पाठवली हो!" आणि त्या तक्रारीत जे सुख होतं ते मी इथूनही ओळखायची.

लॅपटॉपचं एक राहिलंच. सेल मेलेलाच होता, त्यामुळं रात्री वायर काढली की मशीन सगळं विसरायचं आणि सकाळी पुन्हा त्या निळ्या पानावर जावं लागायचं. दुरुस्तीवाल्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, सेल बदलून देतो, पासवर्डही काढून टाकतो, रोजची कटकट कशाला? भाऊंनी दोन्हीला नाही म्हटलं. मला त्यांनी कारण सांगितलं ते हळूच, जणू काही लबाडी केली होती. "सेल बदलला तं ताईले काम काय राह्यलं, मॅडम? आता सकायी तिच्याबिगर मशीन उघडत नाई. तिले ठाऊक हाय ते." रोज सकाळी वावरात जायच्या आधी ते बाईंच्या पलंगाशी लॅपटॉप घेऊन बसायचे. "ताई!" असं पुकारायचे आणि थांबायचे. टक, टक. मग भाऊ नांगर धरणाऱ्या त्यांच्या जाड बोटानं र द्यायचे. एकदा त्यांनी र घाईत दिला तर बाईंनी हात मागं घेतला. पुन्हा या म्हणून.

मीही गेले की तसंच करायची. त्या ठोक्यांनंतरचं ते थांबणं आता मला भीतीचं वाटत नव्हतं. बाई माझी वाट बघत आहेत, एवढंच त्यात असायचं. आयुष्यभर ज्यांनी कोणाचा आधार घेतला नाही त्या बाई आपल्या एका अक्षरासाठी थांबतात, याचं मला थोडं वाईट वाटायचं आणि फार बरं वाटायचं.

पुढच्या वर्षीचे कापूस वेचणीचे दिवस होते, मी कचेरीत जायला निघाले होते, तेव्हा भाऊंचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, आज ताईनं हजेरी दिली नाई." पुढचं सांगायची गरज नव्हती.

विहारातल्या लोकांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. नांदुऱ्याहून जुनी मुलं आली होती. मुलं म्हणजे कोणी पोस्टात, कोणी कोर्टात, केस पांढरे झालेली. माती देऊन परत आल्यावर भाऊंनी लॅपटॉप नॅपकिनमध्ये बांधून माझ्या हातात दिला. "आता माह्यानं नाई उघडवत. तुमी न्या. सेल बदलाचा तं बदला."

मी बदललेला नाही. बुलढाण्यात माझ्या टेबलावर तो असतो. रोज सकाळी मशीन सगळं विसरून कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसलेलं असतं, आणि मी एफ-टू दाबते. पान येतं. मी डोळे खाली वळवत नाही, मनगट टेकवत नाही. ह देते, ज देते. आणि मग माझा उजवा हात धडधाकट असूनही मी थोडी थांबते.